पेटीतलं कंपाउंड आणि शहाबादी फरशी: सोलापुरातल्या एका तिरंदाजी वर्गाचं प्रकरण

जुळे सोलापुरात एका शाळेच्या मागच्या मैदानावर रोज सकाळी तिरंदाजीचा वर्ग भरतो. वीसेक पोरं, दोन प्रशिक्षक, शेवटच्या भिंतीला लावलेली टार्गेटं. बहुतेकांच्या हातात इंडियन राउंड या देशी प्रकाराची बांबूची धनुष्यं, दोघातिघांकडे रिकर्व्ह, म्हणजे टोकं पुढे वळलेलं धनुष्य. टार्गेटच्या मागे, चुकलेला बाण भिंतीवर आपटून मोडू नये म्हणून, जुन्या सोलापुरी चादरी दुहेरी टांगलेल्या. खालची कड मोकळी सोडली की चादर बाणाबरोबर मागे झुलते आणि त्याचा जोर खाते. पंधरा-वीस पौंडांच्या, म्हणजे दोरी ओढायला तेवढा जोर लागणाऱ्या धनुष्याला एवढं पुरतं, मागे भिंत आहेच.

2024 च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये हरविंदर सिंगनं रिकर्व्हमध्ये सुवर्ण आणलं, शीतल देवी आणि राकेश कुमारनं मिश्र दुहेरीत कांस्य. दोन्ही हात नसलेली शीतल पायात धनुष्य धरून बाण मारते, हा व्हिडिओ तेव्हा सगळ्यांच्या फोनवर फिरत होता. टॉवेल-चादरीच्या धंद्यातले एक गृहस्थ तो पाहून इतके भारावले, की त्यांनी वर्गाला एक कंपाउंड, म्हणजे पात्यांच्या टोकांना चाकं असलेलं यांत्रिक धनुष्य पेटीसकट भेट दिलं. अट एकच, दिव्यांग मुलांसाठी वर्ग सुरू करा. प्रशिक्षकांनी शब्द दिला. चार जण आले. काही आठवड्यांत चारातला एकच उरला आणि तेव्हा मला बोलावणं आलं. मी फिजिओथेरपिस्ट आहे, तिरंदाज नाही. पुढे वर्गात ज्या नोंदी ठेवल्या, त्यांवरून हे लिहिते आहे. चौघांची नावं त्यांच्याच सांगण्यावरून दिलेली नाहीत.

चौघं असे. दक्षिण सोलापूर तालुक्यातला तिशीतला शेतकरी, उजवा हात कडबाकुट्टीत कोपराखाली गेलेला. सेंटरिंगच्या कामावर स्लॅबवरून पडून कमरेखालचं बळ गेलेला, व्हीलचेअर वापरणारा तरुण. त्याला वर्गात सगळे अण्णा म्हणतात. जन्मापासून पूर्ण अंध असलेली, बी.ए. करणारी मुलगी. आणि आठवीतला कर्णबधिर मुलगा.

रविवारची बॅच

या चौघांसाठी 'दिव्यांग बॅच' म्हणून रविवारी अकराची वेळ ठेवली होती, कारण इतर दिवशी मैदान भरलेलं. हेतू चांगलाच होता. पण सोलापुरात मार्च उजाडला की अकराचं ऊन म्हणजे काय, हे इथल्या माणसाला सांगायला नको. त्यात बरोबरीनं शिकणारं कुणी नाही. बाण स्वयंसेवक आणून देणार, धनुष्याला स्वयंसेवकच लावणार आणि प्रत्येक बाणाला टाळ्या. बाण टार्गेटला लागो, चादरीत जावो की वाटेत मातीत रुतो, टाळ्या ठरलेल्या.

त्या अंध मुलीनं मला सांगितलं, "मॅडम, टाळ्या वाजल्या की मला वाटायचं लागला. घरी जाऊन आईला सांगायचे, आज सगळे लागले. मग एकदा तो लहान पोरगा हसला, तेव्हा कळलं." ती पुढच्या रविवारपासून आली नाही.

शेतकऱ्याचं गाऱ्हाणं वेगळं. पेटीतलं कंपाउंड त्याच्यासमोर ठेवून त्याला खुर्चीत बसवलं आणि पायानं धर म्हणाले. व्हिडिओत तसंच दिसत होतं ना! "हात हाय की माझा एक. पायानं कशाला मारू ओ? सांगलालाव का थट्टा करलालाव?" असं म्हणून तो उठला तो थेट एस.टी. स्टँडवर.

इथे शीतल देवीची पद्धत जरा नीट पाहू. ती उजव्या पायानं धनुष्य पुढे धरते, खांद्याला बांधलेल्या पट्ट्याच्या रिलीजनं, म्हणजे दोरी धरून खटक्यानं सोडणाऱ्या साधनानं, दोरी मागे ओढते आणि जबड्यानं खटका दाबून सोडते. ही रचना तिच्या शरीराला, तिच्या पायांच्या ताकदीला बेतलेली आहे. दुसऱ्याला ती तशीच चढवायची म्हणजे एकाच्या मापाचा बूट सगळ्या गल्लीला घालायचा. शिवाय कंपाउंड हे मुळात नवख्याच्या हातात द्यायचं हत्यारच नाही. पूर्ण ओढल्यावर त्याचा भार एकदम हलका होतो हे खरं, पण तिथवर पोचायला मधला सगळ्यात जड टप्पा ओलांडावाच लागतो. ओढीची लांबी त्यात आधीच बांधलेली असते आणि नवख्याची ओढ अजून ठरलेलीच नसते. बाण न लावता दोरी चुकून सुटली तर कंपाउंड मोडू शकतं आणि माणसालाही इजा होते.

म्हणून मी प्रशिक्षकांना पहिली गोष्ट सुचवली ती ही, की पेटी कपाटात ठेवा आणि रविवारची बॅच बंद करा. दुसऱ्या सूचनेला ते तयार नव्हते. सकाळच्या गर्दीत व्हीलचेअर आणि अंध मुलगी म्हणजे अपघाताला आमंत्रण, असं त्यांचं म्हणणं. भीती खोटी नव्हती. फक्त तिचं मूळ त्या दोघांत नव्हतं, वर्गाच्या शिस्तीत होतं. तीन शिट्ट्या झाल्या की पोरं टार्गेटकडे पळत सुटायची. डोळस पोरांनाही हे धोक्याचंच, कारण टार्गेटात रुतलेल्या बाणाचं मागचं टोक नेमकं पोराच्या डोळ्याच्या उंचीला असतं.

पाणी

अण्णा हा चौघांतला टिकलेला. तोही येऊन अर्ध्या तासात थकायचा, डोकं धरायचा. प्रशिक्षकांना वाटलं ताकद कमी पडते, त्यांनी व्यायाम वाढवले. मी त्याला फक्त विचारलं, सकाळपासून पाणी किती प्यायलास? तो आधी टाळू लागला. मग म्हणाला, रात्री आठनंतर घोटभरही नाही.

मैदानावरच्या संडासाच्या दाराची चौकट आतून चोवीस इंच. अण्णाची खुर्ची चाकांसकट पंचवीस इंच. पुढे सहा इंचांची पायरी. म्हणजे लघवीला जायचं तर घरी. त्यावर त्याचा सरळ हिशेब होता, पाणीच प्यायचं नाही. कंबर-छातीच्या मणक्याला इजा झालेल्या माणसाचं शरीर इजेच्या खाली नीट घामेजत नाही. उष्णता बाहेर टाकायची त्याची यंत्रणा आधीच अर्धी. वर सोलापूरचं ऊन, वर कोरडं पोट. मूत्रमार्गाचा संसर्ग अशांना लवकर होतो तो वेगळाच. हा माणूस तिरंदाजी शिकायला येत होता आणि दर खेपेला थोडा आजारी होऊन परत जात होता. धनुष्य कुठलं द्यावं यावर तोवर बराच खल झाला होता, संडासाचा विषय एकदाही निघाला नव्हता.

चौकट काढून टाकली, जाडसर पडदा लावला. पायरीला उतार केला. नियम सोपा आहे, एक इंच चढाला बारा इंच लांबी, म्हणजे सहा इंचांच्या पायरीला सहा फूट. गवंडी म्हणाला, एवढा लांब कशाला, तीन फुटांत बसवतो. त्याला त्याच खुर्चीत बसवून स्वतः चढायला लावलं. मग त्यानं सहा फूट केला.

दुसरं काम फाटकापासूनच्या वाटेचं. आपली काळी माती उन्हात भेगाळते आणि एका पावसात चिखल होते. पुढची लहान चाकं भेगेत अडकली की खुर्ची पुढे कलंडते. शाळेच्या जुन्या व्हरांड्याच्या शहाबादी फरश्या मागे रचून पडल्या होत्या. त्या फाटकापासून शूटिंग लाइनपर्यंत आणि तिथून एका टार्गेटपर्यंत पट्टा करून बसवल्या. टार्गेटपर्यंतचा पट्टा अण्णानं मागितला. "माझे बाण मी काढणार," एवढंच म्हणाला. मला विचाराल तर या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा खर्च तो.

तोवर धनुष्याचा प्रश्न बराच सुटत आला होता. वर्गातलं अडुसष्ट इंचांचं रिकर्व्ह बसून ओढलं की खालची पाती चाकाला घासायची. चौपन्न इंचांचं, चौदा पौंडांचं लाकडी धनुष्य मिळालं. खुर्ची टार्गेटला आडवी, ब्रेक लावलेले, वर चाकांना लाकडी ठोकळे, दोरीच्या बाजूचा हात-टेका काढलेला. छातीभोवती रुंद पट्टा, कारण पोटाच्या स्नायूंचा आधार नसेल तर दोरी सोडताना धड पुढे जातं. टार्गेट थोडं खाली घेतलं. पहिले काही आठवडे पाच मीटरवरून, कागद न लावलेल्या, टार्गेटच्या कोऱ्या गठ्ठ्यावर. नवखा गुण बघायला लागला की हात बिघडतो, हे सगळ्यांनाच लागू.

खांद्याबद्दल मात्र मी कडक राहिले. व्हीलचेअर ढकलणाऱ्याचे खांदे दिवसभर पायांचंही काम करत असतात. एका फेरीत तीनच बाण. इतर पोरं बाण आणायला गेली की अण्णानं हातांवर जोर देऊन सीटवरून स्वतःला उचलायचं, बैठकीवर जखम होऊ नये म्हणून. मानेवर ओला टेरी टॉवेल. तो या गावात मागावा लागत नाही.

दात आणि मावा

शेतकऱ्याला परत आणायला प्रशिक्षक स्वतः गावी गेले. या वेळी पेटी न्यायची नाही, असं ठरवूनच गेले.

त्याचा डावा हात भक्कम होता, ऊस तोडणाऱ्याचा. म्हणजे धनुष्य डाव्या हातात, नेहमीच्या उजव्या तिरंदाजासारखंच. प्रश्न फक्त दोरी ओढायची कशानं. थोट्या हाताला पट्टा बांधून रिलीज लावता येतं, पण ते मापाचं करून घ्यावं लागतं आणि तो भाग दाबाला सरावलेला हवा. दुसरा मार्ग दातांचा. अमेरिकेचे एरिक बेनेट पॅरालिंपिकमध्ये असेच दातांनी ओढून खेळले आहेत. दोरीवर, बाण बसतो तिथे, चामड्याची किंवा नायलॉनची जाड पट्टी बांधायची, ती दाढांत धरायची आणि डावा हात पुढे रेटायचा. डोकं मागे खेचायचं नाही, हात पुढे न्यायचा. भार मग मानेऐवजी खांद्यावर जातो. सोडायचं म्हणजे जबडा उघडायचा.

पट्टी बसस्टँडजवळच्या चपला शिवणाऱ्या कारागिरानं करून दिली. पहिली फार गुळगुळीत झाली, दाढेतून निसटायची. दुसऱ्या पट्टीला त्यानं आतून आडवी टाच घातली.

पण आधी दंतवैद्याकडे पाठवलं आणि बरं झालं. गडी वर्षानुवर्षं तंबाखूचा मावा खाणारा. दोन दाढा हलत होत्या, हिरड्या मागे सरलेल्या. दंतवैद्यानं सांगितलं, उजवीकडची एक दाढ काढावी लागेल, उरलेल्यांनी दहा-बारा पौंडांवर जायचं नाही आणि तोंडात मावा ठेवून तर अजिबात नाही. दोरी ओढलेली असताना तोंडात काही असलं की ते घशात जाण्याचा धोका. त्यानं ऐकून घेतलं. वर्गात आला तेव्हा म्हणाला, "बाण सोडायचा तर मावा सोडावा लागंल म्हणं. बायकोला दहा वर्सं जमलं न्हाई ते तुमी केलं." पूर्ण सुटला आहे असं मी म्हणणार नाही, सकाळचा सुटला आहे.

एका हातानं बाण लावणं ही दुसरी अडचण. यावर उपाय त्यानंच काढला. कमरेइतक्या उंचीची बाभळीची दुबेळकी, म्हणजे वर दोन फाटे असलेली फांदी, आणली, तीत धनुष्य आडवं टेकवायचं आणि मोकळ्या हातानं बाण दोरीवर चढवायचा. बाणाचं मागचं टोक दोरीवर टिचकन बसेल असं घट्ट हवं, एवढीच आमची भर. आता वर्गातली दोन हातांची पोरंही कधीकधी त्या दुबेळकीकडे जातात आणि तो त्यांना हाकलतो.

"लागला की!"

अंध मुलीसाठी जमिनीवर दोन लाकडी पट्ट्या ठोकल्या, पाय रोज त्याच जागी, त्याच कोनात पडावेत म्हणून. हातासाठी स्पर्शाची साइट, म्हणजे नेम धरायचं साधन, लागते. उभ्या दांड्यातून आडवी काढलेली काठी, धनुष्य धरलेल्या हाताची मागची बाजू तिला हलकी टेकली की दिशा जुळली. अक्कलकोट रोडच्या एका वेल्डिंगवाल्यानं जुन्या स्टँड-फॅनच्या पायावर ती बसवून दिली. पंख्याचा दांडा मुळातच वर-खाली होतो, त्यामुळे उंची जुळवणं सोपं. टोकाला रबर. पाया हलू नये म्हणून त्यावर वाळूची पिशवी. पिशवी नसताना एकदा वाऱ्यानं काठी बोटभर सरकली आणि अख्खी सकाळ बाण डावीकडे गेले.

सगळ्यात जास्त वेळ मात्र सामानाला नाही, बोलण्याला लागला. मागे उभं राहून बाण कुठे लागला ते सांगणारा जोडीदार लागतो. प्रशिक्षकांनी नववीतल्या एका मुलीला नेमलं. पहिल्या दिवशीचं संभाषण मी तसंच टिपून ठेवलं आहे.

"लागला का ग?"

"लागला की!"

"लागला की म्हणजे कुठं?"

"तिथं... जरा वर. निळ्यात."

जन्मापासून अंध असलेल्या माणसाला निळ्यात म्हणून काय कळणार? आणि जरा म्हणजे किती? मग घड्याळ ठरलं. वर बारा, उजवीकडे तीन, खाली सहा. त्याला जोडून वर्तुळाचा गुण. 'दोन वाजता, पाच' म्हणजे उजवीकडे वर, मधोमध आणि कड यांच्या निम्म्यात. कौतुक नाही, हळहळ नाही, दोन शब्द. जुन्या टार्गेटच्या कागदावर वर्तुळांच्या रेघांवरून जाड दोरा चिकटवून दिला. तिनं तो बोटांनी वाचला आणि नकाशा डोक्यात बसवला. फेरी संपली की जोडीदार तिला टार्गेटच्या बाजूनं नेते, समोरून कधीच नाही. ती गठ्ठ्याची कड धरते, हात पृष्ठभागावरून सरकवत बाणाच्या मुळाशी पोचते. जोडीदारानं सांगितलेलं आणि हाताला लागलेलं जुळलं नाही तर तिथल्या तिथे वाद. एकदा "चार वाजता, सात" सांगितलेला बाण पाच वाजता, सहा निघाला. त्या नववीतल्या मुलीला ती म्हणाली, "तुझं घड्याळ पुढं आहे."

कर्णबधिर मुलाचं काम एका दिवसात झालं. शिट्टीबरोबर झेंडा, लाल म्हणजे थांब, हिरवा म्हणजे मार. आणीबाणीला पाच शिट्ट्या आणि डोक्यावर दोन्ही हातांनी हलवलेला लाल. बघता बघता सगळी पोरं शिट्टीऐवजी झेंड्याकडे बघू लागली आणि वर्ग शांत झाला. तो मुलगा आज चौघांतला सर्वांत चांगला नेमबाज आहे. त्यात आमचं श्रेय फारसं नाही.

एकच लाइन

रविवारची बॅच बंद झाली ती या बदलांनंतर. आता सगळे सकाळी साडेसहाला, उन्हाळ्यात सहालाच. वर्गाची पहिली दहा मिनिटं सगळ्यांनी स्टुलावर बसून मारायचं. ही कल्पना धाकट्या प्रशिक्षकांची. हेतू अण्णा वेगळा दिसू नये हा होता, पण बसल्यावर पायांची मदत जाते आणि कुणाचं धड डुलतं ते लगेच दिसतं, हा फायदा नंतर कळला. बाण आणायला पळायचं नाही, चालायचं. आधी फरशीवरून अण्णा, मग बाकी. टाळ्या फक्त टार्गेटच्या मधल्या पिवळ्यातल्या बाणाला, कुणाचाही असो.

व्हीलचेअरवरची तिरंदाजी काही नवी नाही. 29 जुलै 1948 रोजी, लंडन ऑलिंपिकचं उद्घाटन होत होतं त्याच दिवशी, डॉ. लुडविग गुटमन यांनी स्टोक मँडेव्हिलच्या रुग्णालयात मणक्याची इजा झालेल्या 16 माजी सैनिक स्त्रीपुरुषांची स्पर्धा भरवली. पॅरालिंपिकची ती सुरुवात आणि खेळ होता तिरंदाजी. वर्गातल्या पोरांना मी हे सांगितलं तेव्हा अण्णानं लगेच विचारलं, "मग आमचा नंबर कुठं?"

तर त्याबद्दल थोडं. यूडीआयडी या दिव्यांगांच्या ओळखपत्रावरची टक्केवारी सवलतींसाठी लागते, खेळाचा वर्ग त्यावरून ठरत नाही. तो स्वतंत्र तपासणीत ठरतो. हात आणि पाय दोन्हींत मोठी कमजोरी असेल तर डब्ल्यू-1, अण्णासारख्यांना आणि एक हात नसलेल्यांना ओपन. ओपनमध्ये रिकर्व्ह 70 मीटरवरून, कंपाउंड 50 वरून. अंधांचे वर्ग आहेत, 30 मीटरवर स्पर्शाच्या साइटनं खेळतात, पण पॅरालिंपिकमध्ये ते नाहीत. आमची मुलगी हे ऐकून थोडी खट्टू झाली. मग म्हणाली, तोवर तीस मीटर तरी गाठू. सध्या ती दहावर आहे.

देणगीदार गृहस्थ मध्यंतरी येऊन गेले. पेटी कपाटात पाहून नाराज झाले. त्यांना लाइनीवर अर्धा तास उभं केलं, अण्णाच्या टार्गेटपर्यंतच्या फरशीवरून चालवलं. कंपाउंड वर्षभरानं, अण्णाची ओढ स्थिर झाली की, भार उतरवून त्याच्यासाठी काढायचं ठरलं. जाताना त्यांनी विचारलं, आता काय हवं? मोठ्या प्रशिक्षकांनी सवयीनं 'साइट' म्हटलं. अण्णा म्हणाला, "रिक्षा."

कारण तो प्रश्न अजून तसाच आहे. शेतकऱ्याला एस.टी.त तिकिटाची 75 टक्के सवलत मिळते, स्टँडवरून मैदानापर्यंत मात्र पूर्ण भाडं. अण्णाची खुर्ची मागे बांधून नेणारा रिक्षावाला शहरात शोधावा लागतो आणि तो दोन्ही वेळचे जास्तीचे पैसे घेतो. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 चं कलम 30 दिव्यांगांना खेळात भाग घेता यावा ही सरकारची जबाबदारी ठरवतं, पण सकाळी सहाला दारात रिक्षा आणून उभी करत नाही. देणगीदारांनी तीन महिन्यांचं भाडं कबूल केलं आहे. पुढचं पालकांच्या सभेत ठरेल. सभेच्या विषयपत्रिकेत आम्ही तो पहिला विषय ठेवला आहे, नव्या बाणांच्या वरती.